जिभेची ज्योत : 'लॅम्बंट' या शब्दाची कुळकथा

एखाद्या वस्तूवरून हळुवार खेळत जाणाऱ्या मृदू प्रकाशासाठी इंग्रजीत 'लॅम्बंट' असा एक विरळा शब्द आहे. कानाला तो 'लॅम्प'चा सख्खा भाऊ वाटतो, आणि संस्कृतज्ञास 'लम्ब्' धातूची आठवण होते. परंतु 'लॅम्प'चे मूळ प्रकाशणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे, 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, आणि ज्या लॅटिन 'लाम्बेरे'पासून 'लॅम्बंट' निघाला त्याचा अर्थ आहे चाटणे. या शब्दाच्या मूळ घरी उजेड नव्हताच. होती ती जीभ.

तिची ज्योत कशी झाली, याचा उत्तम दाखला रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यात सापडतो. समुद्रातून आलेले सर्प आपली फूत्कारणारी मुखे चाटतात तेथे हेच क्रियापद, एटना पर्वताच्या ज्वाळा तारे चाटतात तेथेही तेच. पण दुसऱ्या सर्गात ट्रॉय नगरी जळत असताना काव्याचा नायक ईनियस याच्या लहानग्या मुलाच्या, युलसच्या मस्तकावर एक ज्योत अवतरते आणि त्याचे मऊ केस चाटत कानशिलांभोवती खेळू लागते, तेव्हा भ्यालेली माणसे ती विझवण्यासाठी पाणी ओतू लागतात, आणि आजोबा अँकायसीझ मात्र हर्षाने आकाशाकडे हात उभारतो. कारण ती ज्योत स्पर्श करते, पण भाजत नाही. १६९७ साली ड्रायडनने या महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात नेमक्या याच ज्योतीला त्याने 'लॅम्बंट' म्हटले. पुढे ज्योत गेली, चाटणे विसरले गेले, आणि नुसती सौम्य प्रभा तेवढी वहिवाटीत राहिली.

आरतीच्या तबकात कापराची वडी पेटते, तेव्हा ज्योत वडीच्या कडेवरून निळसर सरकत जाते, क्षणभर तबकाचे पितळ चाटते आणि पुन्हा उभी राहते. ते पाहताना हा शब्द मला अगदी घरचा वाटतो. आपल्याकडे जीभही लवलवते आणि ज्वाळाही लवलवते. मुण्डकोपनिषदाने अग्नीला सात जिभा दिल्या, त्यांतील शेवटचीचे नाव विश्वरुची. 'रुच्' म्हणजे प्रकाशणे. लॅटिन 'लुक्स' आणि इंग्रजी 'लाइट' हे त्याचेच गोत्रज. लॅटिनात जीभ उजेडाकडे गेली, आपल्याकडे उजेड जिभेवर आला: तापातून उठलेला माणूस तोंडाला रुची नाही म्हणतो, तेव्हा तो प्रकाशाचाच शब्द उच्चारत असतो.