अपूर्ण गटांची गोष्ट

वेळणेश्वरासारख्या कोंकणी गांवीं भाताच्या सात जातींची परीक्षा करावयाची आहे, असें समजा. समुद्राजवळची जमीन रेताड, डोंगराकडची तांबडी. एका खाचरांत पाणी ठरतें, तर शेजारच्यांतून तें झिरपून जातें. अशा ठिकाणीं जात उत्तम कीं जमीन उत्तम, हें पिकाच्या वजनावरून कसें ओळखावें? सातही जाती एकाच खाचरांत लावल्या तर तुलना निर्दोष होईल. परंतु खाचर लहान, आणि त्यांत सारख्या प्रतीचे तीनच वाफे निघतात. निर्णय चुकला तर त्याचा दंड प्रयोग करणारास होत नाहीं. विश्वासानें तें बियाणें पेरणाऱ्या शेतकऱ्यास होतो.

ह्या अडचणीवर इंग्लंडांतील रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनकेंद्रांतील फ्रँक येट्स यांनीं १९३६ सालीं तोड सुचविली. गट अपुरे असेनात, पण अपुरेपणाची वांटणी सर्वांस सारखी असावी. पहिल्या खाचरांत १, २ आणि ४ ह्या जाती लावाव्या. पुढच्या प्रत्येक खाचरांत हे आंकडे एकेकानें वाढवावे आणि सातानंतर पुन्हां एक धरावा. सात खाचरें भरलीं कीं प्रत्येक जात तीन वेळां येते आणि कोणत्याही दोन जातींची एका खाचरांत बरोबर एकदांच गांठ पडते. वाचकांनीं कागदावर मांडून पाहावें. कोणता गट कोणत्या खाचरांत जावा, हें मात्र चिठ्ठ्या टाकूनच ठरवावयाचें. तेथें प्रयोगकर्त्याची मर्जी चालूं द्यावयाची नाहीं.

अशा रचना बांधण्याच्या पद्धती कलकत्त्यास राज चंद्र बोस यांनीं १९३९ सालीं दिल्या. त्यांचे शिष्य शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म सागर येथें १९१७ सालीं, शिक्षण नागपुरास. १९५० सालीं त्यांनीं दाखविलें कीं, हिशेब जुळला म्हणजे रचना जुळतेच असें नाहीं. २२ जाती, सात-सातांचे २२ गट आणि प्रत्येक जोडीची दोनदां भेट, हें घ्या. एका जातीस उरलेल्या २१ जणींस दोनदां भेटावयाचें, म्हणजे ४२ भेटी. सात गटांत साही सोबतिणींच्या भेटीही ४२च. तरीही ही रचना अशक्य! कारण जातींची संख्या सम असून गट आणि जाती सारख्याच असतील, तर गटाच्या आकारांतून भेटींची संख्या वजा करून पूर्ण वर्ग उरला पाहिजे. येथें उरतात पांच. अशक्यतेची सिद्धता कित्येकांस रुक्ष वाटते. मला ती मोठी उपकारक वाटते, कारण नसलेली वस्तु धुंडाळण्याचे श्रम ती वांचविते.

योगायोग असा कीं, पुढें २२ ह्याच आंकड्यानें त्यांस कीर्ति दिली. ऑयलर यांनीं १७८२ सालीं तर्क केला होता कीं, ६, १०, १४, १८, २२ अशा बाजूंचे परस्परपूरक लॅटिन चौरस असूंच शकत नाहींत. सहापुरतें तें टॅरी यांनीं १९०० सालीं पडताळलें. बोस व श्रीखंडे यांनीं १९५९ सालीं कर्कमनच्या जुन्या कोड्यांतील, पंधरा मुलींना सात दिवस तिघी-तिघींच्या ओळींत चालविणारी रचना घेतली. प्रत्येक दिवसासाठीं एक नवा बिंदु जोडला. १५ आणि ७ मिळून २२ झाले, आणि त्यांतून २२ बाजूंचे चौरस उभे राहिले. पार्कर यांनीं दहाचा चौरस दिला, आणि मग तिघांनीं मिळून सहाच्या पुढें ऑयलरचा तर्क सर्वत्र चुकीचा ठरविला. १७७ वर्षांचें तें विधान कोसळल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनें पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९६३ पासून १९७८ पर्यंत मुंबई विद्यापीठांत गणितविभागाचे प्रमुख होते. १०२ वर्षांचें आयुष्य लाभून ते २०२० सालीं वारले.