ओलीपर्यंत पोहोचणारा कोंब

गव्हाच्या हरितक्रांतीबद्दल मी पुष्कळ वर्षे वाचत आलो. आयातीची वर्षे, वाणांची नावे, उत्पादनाचे आकडे यांनी माझ्या वह्या भरल्या होत्या. एकदा निफाडकडच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याला मी त्या वाणांबद्दल विचारले, तेव्हा त्यांनीच मला उलट विचारले, “ते पेरायचे किती खोल?” माझ्या कोणत्याही वहीत याचे उत्तर नव्हते. ते शोधताना मला हा इतिहास पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला.

दख्खनच्या काळ्या जमिनीत गहू दोन तऱ्हांनी होई. खपली बहुधा विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्यावर घेत आणि बन्सी जिरायतात. म्हणजे कोणत्या पाण्यावर कोणता वाण, हा विचार प्रयोगशाळांच्या आधीपासून शेतात होता. बन्सीला पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच सगळा हंगाम काढायचा असे. ऑक्टोबरात वरचा थर सुकू लागतो आणि ओल खाली सरकते. म्हणून पाभरीने बी चार बोटे, कधी त्याहूनही खोल, ओलीत सोडत. कोंब तेवढी माती फोडून वर येई, मुळे ओलीमागे खाली जात आणि उन्हाचा चटका वाढण्याआधी दाणा भरे. उतारा थोडा असे, पण एकही पाणी न देता पीक हाती येई.

ओलीचा हा हिशेब शास्त्रज्ञांनाही ठाऊक होता. पुसा येथील अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याचा भारतीय गव्हावरील ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. पुढे क्वेट्ट्याच्या कोरड्या मुलखात अल्बर्ट हॉवर्ड यांनी दाखवून दिले, की पेरणीपूर्वी एकदा पाणी दिले आणि वरची माती भुसभुशीत ठेवून ओल जपली, तर तेवढ्यावरही गव्हाचे चांगले पीक येते. त्यांचा प्रश्न एकरी किती पिकले एवढाच नव्हता. किती पाण्यात किती पिकले, हेही ते मोजत होते.

मग तो हिशेब मागे का पडला? त्याची वाट जपानमधून जाते. गोंजिरो इनाझुका यांचा ‘नोरिन १०’ हा बुटका वाण १९३५ मध्ये प्रसारित झाला. महायुद्धानंतर त्याचे बी अमेरिकेत गेले आणि तेथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे. उंच गव्हाला खत-पाणी भरपूर दिले की तो लोळतो. बुटका गहू मात्र उभा राहतो आणि खताचे दाण्यात रूपांतर करतो. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून अशा वाणांचे १८,००० टन बियाणे आणले. देशाची अन्नाची निकड पाहता तो निर्णय योग्यच होता.

पण ज्या गुणाने काड आखूड झाले, त्यानेच कोंबावरचे आवरणही आखूड झाले. हे आवरण म्हणजे माती फोडून वर येणारी टोपी. ती पृष्ठभागापर्यंत पोहोचली नाही, तर आतले पान मातीतच दुमडते. त्यामुळे हे बी उथळ, साधारण पाच सेंटिमीटरवर पेरावे लागले. जिरायतात त्या थरात ओल असेलच असे नाही. शिवाय पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हा पहिले पाणी महत्त्वाचे. वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. नवा गहू विहीर किंवा कालवा असलेल्याचाच होता.

बन्सीचे गोडवे गाऊन मला थांबायचे नाही. ती तांबेऱ्याला बळी पडे, आणि पाणी दिले तरी तिचा उतारा फारसा वाढत नसे. माझी तक्रार तुलनेबद्दल आहे. बागायती गव्हाच्या फूटपट्टीने जिरायती गहू मोजून त्याला ‘कमी उत्पन्नाचा’ म्हटले गेले.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे दोन वाण शेजारी ठेवून पाहावेत. बागायती ‘एमएसीएस ६४७८’ने सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथे हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल दिले. जिरायती ‘एमएसीएस ४०२८’ची सरासरी १९.३ क्विंटल आहे, तो १०२ दिवसांत तयार होतो आणि त्यात १४.७ टक्के प्रथिने आहेत. यांतला दुसरा वाण हलका नव्हे. त्याला नेमून दिलेले कामच वेगळे आहे. निफाडच्या केंद्राचा ‘नेत्रावती’ही मर्यादित पाण्यासाठीच निवडलेला आहे. एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना द्यावे, ही आपल्याकडची शिफारसही त्याच हिशेबातली आहे.

आता ऑस्ट्रेलियातील संशोधक काड बुटके ठेवूनही कोंबाचे आवरण लांब राहील, अशा जनुकांचा वापर करत आहेत. हेतू एकच, बी खोल ओलीत पेरता यावे. हे वाचले तेव्हा निफाडच्या त्या आजोबांची आठवण झाली. वहीत आता मी प्रत्येक वाणापुढे दोन नवे रकाने आखले आहेत: पेरणीची खोली आणि दिलेली पाणी. ते भरल्याशिवाय उताऱ्याचा आकडा लिहीत नाही.