पंचवीस आकड्यांचं घराणं

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयातल्या, एक्मो यंत्रावर ठेवलेल्या रुग्णाची फाइल नागपुरातल्या कोडरच्या, म्हणजे बिलासाठी आजार-उपचारांना क्रमांक लावणाऱ्याच्या, पडद्यावर उघडते, तेव्हा आधी तारखा शोधाव्या लागतात. नळ्या कधी घातल्या, यंत्र किती दिवस चाललं, नळ्या कधी काढल्या. फार्मसी, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकून या व्यवसायात आलेल्या मुलामुलींचं हे काम दिवसा चालतं. विमा कंपनीने क्लेम नाकारला की तिला फोन लावणारे एआर कॉलर मात्र रात्रपाळी करतात, कारण तिकडे तेव्हा कचेऱ्या उघड्या असतात.

तारखांना एवढं महत्त्व का, हे समजायला यंत्राचं कूळ शोधावं लागतं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. त्यातली २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम यंत्राने केलं. त्या काळी मिनिटांचीच भाषा होती. शस्त्रक्रिया संपली की यंत्रही बंद. मग १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात अपघातात जबर जखमी झालेल्या २४ वर्षांच्या तरुणाला डोनाल्ड हिल यांच्या पथकाने अशाच यंत्रावर ७५ तास ठेवलं आणि तो जगला. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला असंच वाचवलं. आई सोडून गेलेल्या त्या बाळाला परिचारिकांनी नाव दिलं एस्पेरान्सा, म्हणजे आशा.

मिनिटांचे तास झाले, तासांचे दिवस. या लांबलेल्या आधाराचं नाव एक्मो. त्याचं काम सांगायला सोपं आहे. मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या शिरेतून काळसर रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून फिरवायचं, कार्बन डायऑक्साइड काढून प्राणवायू भरायचा आणि लालभडक झालेलं रक्त शरीरात परत सोडायचं. ते शिरेतच सोडलं तर फुप्फुसांना आधार मिळतो, धमनीत सोडलं तर हृदयालाही. पण हे चालू असताना रक्त गोठता कामा नये आणि रुग्णाला रक्तस्रावही होता कामा नये. ही तारेवरची कसरत परिचारिका, परफ्युजनिस्ट आणि डॉक्टर दिवसरात्र सांभाळतात. नळ्या घालणं तासाभराचं काम असेल. खरं काम त्यानंतरची राखण.

बिलाच्या आकड्यांना ही राखण दिसायला वेळ लागला.

या आकड्यांना दोन कुळं आहेत. एक आजारांचं. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि आजची आयसीडी तिचीच वंशज. उदाहरणार्थ, २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसने माणसं दगावली. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत त्या तापाचा कोड ए७५.३. त्याने फुप्फुसं निकामी होऊन एआरडीएस झाला, तर जोडीला जे८०. कोणत्याही देशातला कोडर एवढ्या अक्षर-आकड्यांवरून आजार ओळखतो.

दुसरं कूळ उपचारांचं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये सीपीटी नावाची यादी छापली. तेव्हा भर शस्त्रक्रियांवर होता आणि प्रत्येक क्रमांकात आकडे चारच होते. १९७० च्या आवृत्तीत पाच झाले. या पद्धतीचा पाया असा की एक शस्त्रक्रिया, एक क्रमांक. अपेंडिक्स काढलं, क्रमांक लिहिला, प्रकरण मिटलं. दिवसेंदिवस चालणारा एक्मो या चौकटीत बसेना. म्हणून ३३९६० हा पहिल्या २४ तासांचा आणि ३३९६१ हा पुढच्या प्रत्येक २४ तासांचा, असे दोन क्रमांक वापरात आले. कोडच्या वहीत इथे घड्याळ शिरलं खरं, पण नळ्या कोणी घातल्या, हृदयाला आधार दिला की फक्त फुप्फुसांना, रुग्ण बाळ की प्रौढ, हे त्यातून कळत नव्हतं.

२०१५ च्या आवृत्तीत हे दोन्ही क्रमांक रद्द झाले आणि त्यांच्या जागी तब्बल पंचवीस आले. एक्मो सुरू करण्याचे वेगळे, रोजच्या देखभालीचे वेगळे, नळ्या घालण्याचे, सरकवण्याचे आणि काढण्याचे वेगळे. नळ्यांच्या कामात पाच वर्षांपर्यंतचं मूल एकीकडे, सहा वर्षांपासून पुढचे सगळे दुसरीकडे. सुरुवात ज्या दिवशी झाली, त्याच दिवसाची देखभाल वेगळी लावता येत नाही. तारखा शोधायच्या त्या यासाठी. किचकट वाटतो हा पसारा, पण उशाशी जागणाऱ्यांच्या कामाला स्वतःचा क्रमांक मिळाला तो याच पसाऱ्यात.

आपल्याकडचा हिशोब वेगळ्या वाटेने आला. आंध्रच्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर महाराष्ट्राने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. ती राज्यभर नेण्याचा प्रारंभ २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपुरातच झाला. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. इथे आजारागणिक पॅकेज ठरलेलं. खाट, औषधं, तपासण्या, जेवण, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही त्यातच. गडचिरोलीहून किंवा गोंदियाहून रुग्ण घेऊन आलेल्या कुटुंबाला ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही.

पण पॅकेजला दिवस फारसे मोजता येत नाहीत. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने मात्र २०१९ च्या यादीत औषधोपचारांसाठी रोजचे दर लावले: साधा वॉर्ड १८०० रुपये, एचडीयू (वॉर्ड आणि आयसीयू यांच्या मधला देखरेख कक्ष) २७००, आयसीयू ३६००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ४५००. चार पायऱ्यांची ही शिडी व्हेंटिलेटरपाशी संपली. एक्मो लागतो तो व्हेंटिलेटरही पुरेनासा झाल्यावर आणि त्याचा खर्च लाखांत जातो. शिडीला पाचवी पायरी हवी, तीही दिवसागणिक आणि सुरुवात, देखभाल, काढणी अशी वेगळी लिहिलेली. तोवर मधला फरक कोणाचं तरी शेत किंवा दागिने भरून काढत राहतील.

रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढं तरी करावं: नळ्या घातल्याची तारीख-वेळ आणि रोजच्या नोंदी यांची प्रत लेखी अर्ज करून मागावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.