संतुष्टी आणि गृहसुविधा : बुधवार पेठेतील एक उदाहरण

अप्पिच्छता म्हणजे अल्पेच्छता आणि संतुट्ठी म्हणजे संतुष्टी, हे दोन गुण पाली वाङ्मयात बहुधा जोडीने येतात. त्यांचा विचार करताना आपण प्राचीन भिक्षूंची उदाहरणे देतो व हे गुण आजच्या गृहस्थास अशक्य आहेत असे मानून मोकळे होतो. पुणे शहराच्या ऐन मध्यवस्तीतील एका विदुषीचे जीवन हा समज तपासण्यास उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

डॉ. हेमा साने (१९४०–२०२५) या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. भारतीय विद्येचाही त्यांचा अभ्यास होता. वृक्षवनस्पतींप्रमाणेच सम्राट अशोक आणि बोधिवृक्षाची परंपरा या विषयांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. तांबडी जोगेश्वरीजवळ बुधवार पेठेतील जुन्या घरात त्या राहत. त्या घरात त्यांनी वीज कधीच घेतली नाही. त्यामुळे पंखा, शीतकपाट, दूरचित्रवाणी यांचा प्रश्नच उद्भवला नाही. दिवसाचा प्रकाश व रात्री रॉकेलचा दिवा, पुढे सौरदिवा, एवढ्यावर त्यांचे वाचन-लेखन चाले. सोबतीला झाडे, पक्षी, मांजरे आणि कुत्रा. अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा असून वीज त्यानंतर फार उशिरा आली, अशी त्यांची साधी भूमिका होती. लोक आपल्याला वेडी म्हणतात हे त्यांस ठाऊक होते. त्याची त्यांनी खंत केली नाही.

या जीवनास आपल्या प्रदेशातच जुनी पार्श्वभूमी आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवलीजवळ भाजे लेणी लागतात. तेथील भिक्षूंच्या खोल्यांत दगडात कोरलेला शयनओटा दिसतो. त्याहून अधिक फारसे काही नाही. मात्र पाण्याची सोय काळजीपूर्वक केलेली आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख तेथे आहे. गरजेचे ते नीट असावे व बाकीचे नसावे, हा विवेक त्या खडकात स्पष्ट दिसतो.

विनयपिटकातील एक कथा याच विवेकाची आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदास पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा करणार काय, असा राजास संशय आला. आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांस ती वाटू. जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांच्या चादरी, मग गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरील आस्तरणे, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि अखेरीस त्या चिंध्या कुटून, चिखलात मिसळून जमीन लिंपावयाची. राजाचे समाधान झाले. येथे वस्तूचा तिरस्कार नाही, अपव्ययाचा नकार आहे.

तथापि येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. अभाव आणि त्याग या एक गोष्टी नव्हेत. ज्या समाजास शतकानुशतके सार्वजनिक पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले व ज्यास १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावावा लागला, त्यास अल्पसंतुष्टतेचा उपदेश करणे हा क्रूर विनोद होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या पदावरून त्यांनी देशास स्वस्त आणि मुबलक वीज मिळावी, असा आग्रह धरला. कारण औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. दारिद्र्याचे गोडवे गाणे त्यांस मुळीच मान्य नव्हते.

तथागतांचा उपदेशही याच दिशेचा आहे. अनाथपिंडिकास त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : धर्माने मिळविलेले धन असण्याचे सुख, त्याच्या उपभोगाचे व सत्कर्मांचे सुख, ऋणमुक्तीचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. पहिली दोन त्यांनी नाकारली नाहीत. परंतु पहिल्या तिहींहून चौथे कितीतरी श्रेष्ठ ठरविले. हप्त्यांवर वस्तू आणून घर भरणारा गृहस्थ दुसऱ्या सुखासाठी तिसरे गमावतो, हे आपण नित्य पाहतो.

म्हणूनच आम्हांस डॉ. साने यांच्या जीवनाचा अर्थ ‘वीज नको’ असा वाटत नाही. त्यांना पगार होता, विद्या होती, शहरात घर होते. वीज घेणे त्यांच्या हाती होते, म्हणूनच न घेणे हा त्याग ठरला. वीज सर्वांच्या दारी पोहोचली पाहिजे. ती किती वापरावी हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. संतुष्टीचे माप स्वतःस लावावयाचे असते, दुसऱ्यास नव्हे. हा भेद ध्यानी ठेवला, तर बुधवार पेठेतील तो लहानसा दिवा आपणां सर्वांस मार्गदर्शक ठरेल.