तंजावरच्या राजवाड्याकडे वळताना

तंजावरच्या राजवाड्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा वाडा भोसल्यांनी बांधलेला नाही. सोळाव्या शतकात, विजयनगरच्या सत्तेखाली तंजावर सांभाळणाऱ्या नायकांनी तो उभारायला घेतला. १६७३मध्ये मदुराईच्या नायकांशी लढताना विजयराघव नायक पडले आणि तंजावरचे नायक घराणे मोडले. त्या घराण्यातल्या वारसाला गादी मिळवून द्यावी म्हणून विजापूरने व्यंकोजी भोसल्यांना धाडले, आणि १६७५-७६च्या सुमारास ते स्वतःच तिथले राजे झाले. शिवाजी महाराजांचे हे सावत्र बंधू नायकांच्याच दालनांत राहायला गेले. त्यांच्या वंशजांनी वाड्यात भर घातली, डागडुजी केली, दरबार आपल्या रीतीने सजवला. तरीही हे घर आयते मिळालेले होते, आणि माझ्या मते तंजावरच्या साऱ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

घराबरोबर त्या घराच्या सवयीही वारशाने आल्या. रघुनाथ नायक तेलुगू आणि संस्कृतात लिहीत, त्यांच्या दरबारात स्त्रियाही काव्य रचत. व्यंकोजींचे पुत्र शहाजी १६८४मध्ये गादीवर आले आणि त्यांनी हीच परंपरा पुढे चालवली. त्यांनी तेलुगूत यक्षगाने लिहिली, मराठीत नाटके लिहिली, आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाचही भाषा रंगभूमीवर आणल्या. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण अनेकदा १८४३च्या सांगलीपासून सुरुवात करतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी पात्रे बोलत होती, हे या क्षेत्रात आल्यावर विसरून चालत नाही.

दुसरे सरफोजी १७९८मध्ये राजे झाले. पुढच्याच वर्षी तह झाला, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व तनखा उरला. सत्तेचे पटांगण इतके आक्रसल्यावर त्यांनी जे केले ते थक्क करणारे आहे. नायकांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी अफाट वाढवला. आजचे सरस्वती महाल ग्रंथालय ते हेच. काशीयात्रेत त्यांनी पोथ्या मिळवल्या आणि नकलाही करवून घेतल्या. धन्वंतरी महालात देशी-विदेशी औषधोपचारांची सांगड घातली, नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. वाड्यातल्या देवनागरी छापखान्यातून १८०६मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर बाहेर पडले. तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. सरफोजींना केवळ ‘विद्याव्यासंगी राजा’ म्हणून गौरवून थांबणे मला अपुरे वाटते. राज्य हातात नसताना राजाने राजेपण कशात शोधावे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता, आणि ग्रंथालय हे त्याचे उत्तर होते.

१८५५मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी पुत्रसंतानाशिवाय वारले. कंपनीने संस्थान खालसा केले, आणि एवढ्यावर न थांबता लष्कर आणून राजांच्या खाजगी मालमत्तेवरही मोहोर लावली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासला त्या जिंकल्या. पण १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निवाडा फिरवला: ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही. आजही भारतातले कायद्याचे विद्यार्थी हा खटला शिकतात. त्यामागे तंजावरच्या वाड्यातल्या विधवा राण्या आहेत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. वाड्याच्या इतिहासात राण्यांना अजून हक्काची जागा मिळालेली नाही. नव्या अभ्यासकाने इथे जरूर लक्ष घालावे.

साधने विपुल आहेत, पण ती एका भाषेत नाहीत. १८८०मध्ये बर्नेल यांनी छापलेली संस्कृत पोथ्यांची सूची अजूनही उपयोगी पडते. तेलुगू वाङ्मयावर उत्तम काम झाले आहे. दरबारचे रोजचे जगणे मात्र मोडी कागदांत आहे: खर्च, पगार, औषधे, मुदपाकखाना, देवळांची देणगी, नर्तकींचे मानधन. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतल्या कित्येक कागदांचे तमिळ अनुवाद छापले. त्यामुळे आपल्याच मोडीतला मजकूर आज तमिळ संशोधक आपल्यापेक्षा अधिक सराईतपणे वापरतात. मला याचे वाईट वाटते, आणि त्या विद्वानांविषयी कृतज्ञताही वाटते. तंजावरात आजही घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीचा कान असलेला, मोडी वाचणारा आणि तमिळ शिकायची तयारी असलेला अभ्यासक या क्षेत्राला हवा आहे.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर बृहदीश्वराच्या देवळापासून. वाड्यापासून ते फार दूर नाही. तिथल्या भिंतीवर सरफोजींनी १८०३मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला. आठशे वर्षे जुन्या चोळ मंदिरावर एका मराठी राजाने आपली वंशकथा का लिहवली असेल, हा प्रश्न मनात धरून तो लेख वाचावा. मग वाड्यात यावे.