मोठ्या माशाचा हक्क : इंग्लंडमधील स्पेशालिस्ट अँगलरांच्या हितरक्षणाचे विवेचन

गळाला लागेल तो मासा काढणारे हौशी लोक पुष्कळ असतात. त्यांच्यातला एक लहान वर्ग मात्र बार्बेल, पाइक, टेंच किंवा कार्प यांपैकी एखाद्याच जातीचा, तोही मोठाच मासा धरायला पाण्यावर जातो. इंग्लंडात गळाने मासे धरणाऱ्याला अँगलर आणि या लहान वर्गाला स्पेशालिस्ट अँगलर म्हणतात. १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला आणि या छंदाला मोठी चालना मिळाली. पुढे टेंच, पाइक, बार्बेल अशा एकेका जातीसाठी मंडळे निघाली. संख्येने थोड्या असलेल्या या वर्गाचे हित कशाच्या बळावर राखले जाते, हे येथे पाहायचे आहे.

हिताचे स्वरूप. अँगलरला स्वच्छ पाणी, काठापर्यंत वाट आणि निरोगी मासे हवेच असतात. स्पेशालिस्टला त्याखेरीज माशाचे दीर्घायुष्य हवे असते. नदीत विषारी सांडपाणी सुटले, तर पिल्ले सोडून काही हंगामांत माशांची संख्या भरून काढता येते. जुना, वजनदार बार्बेल असा आणून सोडता येत नाही. म्हणून हा वर्ग धरलेला मासा परत सोडतो. दमलेल्या बार्बेलला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच हातांत धरून ठेवायचे, कल्ले नीट चालू लागले आणि तो स्वतःच जोर करू लागला की मगच सोडायचे, ही त्याची रीत.

ही दृष्टी कायद्यातही उतरली आहे. सहसा नियम लहान मासा वाचवतात. इंग्लंडच्या नद्यांसाठी २०१० साली झालेल्या नियमांनुसार एका दिवसात एकच पाइक नेता येतो आणि तो ६५ सेंटिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे येथे संरक्षण मोठ्या माशाला आहे.

रक्षणाची साधने. पहिले साधन मालमत्तेचा हक्क. तेथे भरतीचे पाणी न पोहोचणाऱ्या नदीत मासेमारीचा हक्क मुळात काठाच्या जमीनमालकाचा असतो. तो क्लबला विकता किंवा भाड्याने देता येतो. त्यामुळे प्रदूषण म्हणजे क्लबच्या हक्कावरच घाला. हे ओळखून बॅरिस्टर जॉन ईस्टवूड यांनी १९४८ साली खटले लढवणारी संघटना काढली. तीच आजची फिश लीगल. डर्बीच्या एका अँगलिंग क्लबने डर्वेंट नदीच्या प्रदूषणाबद्दल कारखाना, नगरपालिका आणि वीज प्राधिकरण या तिघांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला आणि १९५२ साली अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

दुसरे साधन माहिती. खासगी पाणी कंपन्यांनी पर्यावरणविषयक माहिती द्यावी म्हणून फिश लीगल युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. त्या न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर २०१५ साली ब्रिटिश न्यायाधिकरणाने या कंपन्यांना माहिती देणे बंधनकारक ठरवले.

तिसरे साधन एकजूट. २००९ साली स्पेशालिस्टांच्या आघाडीसह सहा संस्था अँगलिंग ट्रस्टमध्ये विलीन झाल्या. लहान गटाला सरकारदरबारी आवाज मिळाला; मात्र मोठ्या संस्थेत त्याचा खास प्रश्न मागे पडू नये, ही जबाबदारी जातवार मंडळांवरच राहिली.

मर्यादा. अँगलरांचे हित आणि निसर्गाचे हित दर वेळी जुळत नाही. गळाच्या दोरीला लावायची शिशाची वजने गिळून हंस मरत होते, म्हणून १९८७पासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. पाणमांजरे नद्यांत परतली आणि मोठे कार्प व बार्बेल खाऊ लागली. त्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने तळ्यांना कुंपण घालणे हाच रास्त उपाय ठरतो. अशा वेळी संयम पाळणाऱ्यालाच उद्या प्रदूषणाविरुद्ध नैतिक बळाने उभे राहता येते.

महाराष्ट्रापुरते. आपल्याकडे काठाच्या मालकीचा हा मार्ग नाही. धरणांतली मासेमारी बहुधा सरकारकडून सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते आणि तिच्यावर अनेकांची चूल पेटते. त्यांचा हक्क आधी मानूनच हौशींनी बोलावे. पण २०१०च्या कायद्याने पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचे दार बाधित व्यक्तीबरोबरच प्रातिनिधिक संस्थेलाही उघडे आहे. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात महाशीर माशाची पैदास होते, पण पिल्ले सोडून नदी वाचत नाही. महाशीरच्या प्रेमिकांनी ठेकेदार संस्थांना सोबत घेऊन पाण्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या घेऊन लवादापुढे जावे.