युनियन (नळजोडणी)

युनियन हा नळजोडणीत दोन नळ जोडण्यासाठी वापरला जाणारा, हवा तेव्हा उघडता येणारा जोड आहे. सॉकेट, एल्बो, टी यांसारखे जोड बसवल्यावर नळमार्गाचा कायमचा भाग होतात; युनियन मात्र नळ न कापता आणि न फिरवता सोडवता येते.

गरज

जी.आय. (जस्तलेपित लोखंडी) नळाच्या दोन्ही टोकांना सहसा उजवे आटे असतात. पक्क्या जोडांत बसलेला असा नळ मधूनच काढण्यासाठी फिरवला, तर एका टोकाला तो सुटू लागतो आणि दुसऱ्या टोकाला तितकाच आत जातो. त्यामुळे मधला एक तुकडा बदलायचा झाला तरी शेवटच्या तोटीपासून एकेक जोड उलगडत यावे लागते, नाहीतर नळ कापावा लागतो. पीव्हीसी व सीपीव्हीसी नळ सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेले असल्याने तेथे कापण्यावाचून मार्गच नसतो.

रचना

युनियनचे तीन भाग असतात. दोन तुकडे दोन्ही नळांच्या टोकांना बसतात आणि तिसरा भाग, म्हणजे मोठी नट, त्यांना एकमेकांवर आवळून धरते. नट फिरते, नळ जागीच राहतात. पाणी अडवण्याचे काम नटच्या आट्यांचे नसून दोन तुकड्यांच्या मिळत्या बैठकींचे असते. धातूच्या युनियनमध्ये बैठक बहुधा शंकूच्या आकाराची किंवा वायसर घालण्याजोगी सपाट असते, तर प्लास्टिकच्या युनियनमध्ये रबरी ओ-रिंग असते. म्हणून गळती थांबवण्यासाठी नटच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे ही नेहमी आढळणारी, पण निरुपयोगी युक्ती आहे. टेप नळ व तुकडा यांच्यामधील आट्यांवर लावायची असते.

तांबे आणि जी.आय. नळ थेट जोडल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने जी.आय. नळ लवकर गंजतो. तेथे विद्युतरोधक थर असलेले युनियन वापरतात.

बसवण्याची जागा

जे उपकरण कधीतरी काढावे लागणार, त्याच्या शेजारी युनियन असावे : पंप, पाणीमापक, गाळणयंत्र, गिझर. टाकीच्या निर्गम नळावर आधी झडप (व्हॉल्व्ह) आणि मग युनियन असा क्रम ठेवतात. उलट केल्यास युनियन उघडताच टाकी रिकामी होते. युनियन भिंतीत गाडू नये. मोठ्या व्यासाच्या नळांवर त्याऐवजी बोल्टने आवळलेले फ्लँज वापरतात.

नट आधी नळावर सरकवून मगच तुकडा बसवावा लागतो. हे विसरल्यास काम पुन्हा करावे लागते. आवळताना एका पान्याने तुकडा धरून दुसऱ्याने नट फिरवतात. वाकडे आलेले नळ नटच्या जोरावर ओढून जुळवल्यास बैठक नीट बसत नाही.

दुर्गम भागातील महत्त्व

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात सिपना नदीकाठी वसलेले गाव आहे. तेथून परतवाड्याच्या बाजारपेठेत जायचे म्हणजे घाट उतरावा लागतो. अशा गावांत बोअरच्या तोंडाशी युनियन नसल्यास बिघडलेला पाणबुडी पंप वर काढण्यासाठी नळ कापावा लागतो. मग आटे पाडण्याचा डाय, नवा नळ आणि कारागीर येईपर्यंत गावाचे पाणी थांबते. युनियन असेल तर दोन पान्यांनी नळमार्ग वेगळा होतो. पंप परत बसवताना फार तर एक वायसर किंवा ओ-रिंग बदलावी लागते.